डब्यांची अदलाबदल

नवी विटी, नवं राज्य. राजलक्ष्मीबाई बी.एड. करून माटुंग्याहून आमच्या लालबागच्या शाळेत आल्या आणि छडी कपाटात गेली. माझी त्याला हरकत नव्हती. हरकत होती ती त्यांच्या हसण्याला. पोरी एकमेकींच्या झिंज्या उपटत असल्या तरी ह्या हसायच्या आणि म्हणायच्या, भांडण म्हणजे शिकण्याची संधी. भांडलेल्या मुलींना त्या एकमेकींची चित्रं काढायला लावत, एकमेकींना फुलं द्यायला लावत. आमचे मुख्याध्यापक नाना तर खूश होते. फुकटात काहीतरी नवीन चाललं होतं.

गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं होतं. सातवीतल्या पोरी डब्याचं झाकण उभं धरून त्याच्याआडून जेवायच्या. कुणाच्या डब्यात नुसता भात, कुणाच्यात तोही अर्धाच. दुसरीच्या डब्यात डोकावायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. राजलक्ष्मीबाईंना मात्र त्यात आपमतलबीपणा दिसला. बाई, ती झाकणं राहू द्या, असं मी त्यांना सांगितलं. मुलांवर विश्वास टाकायला शिका, असं त्यांनी मलाच सुनावलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कोण काय सांगणार!

मग बकुळा आणि मंजुळा बाकावरच्या जागेवरून भांडल्या. बाईंनी तोडगा काढला, की दोघींनी आठवडाभर डबे बदलून जेवायचं. मंजुळा रडायला लागली. शाळेत ती घरची बोली कधी बोलत नसे, त्या दिवशी बोलली.

"बाई, माका डबो बदलूचो नाय."

बाईंनी हसत हसत तिच्या हातातून डबा काढून घेतला.

आत चपात्या आणि तळलेली सुरमई. बकुळाने चाटूनपुसून खाल्ली आणि घरी जाऊन आईला चव सांगितली. बाप धोंडू, संपातला, शेजारीच बसला होता. मंजुळाचा बाप बुधाजीही गिरणीतलाच; संपामुळे तो गावी गेलाय, असं तिची आई चाळीत सांगायची. बेकाराच्या घरात सुरमई कुठून आली, हे कळायला धोंडूला बी.एड. लागलं नाही. बुधाजी संप फोडून गुपचूप गिरणीत काम करत होता, आतच झोपत होता. तो बाहेर पडला तेव्हा गेटवर माणसं उभी होती. त्यांनी त्याचा उजवा हात मोडला. मग ते बिऱ्हाड खरंच गावी गेलं. बुधाजीचा मलाही राग होता, पण त्या पोरीसाठी माझा जीव तुटला.

पुढे तपासणीला साहेब आले. राजलक्ष्मीबाईंनी डबेबदलाचा प्रयोग रंगवून सांगितला आणि बकुळाला उभं केलं. तुझी मैत्रीण कुठे आहे, असं साहेबांनी विचारलं.

"गावी गेली," बकुळा म्हणाली. "तिच्या पप्पांचा हात मोडला. आमच्या पप्पांनी मोडला. मी सुरमईचं सांगितलं म्हणून."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई हसल्याच.

"पण सर, त्यानंतर वर्गात एकही भांडण झालेलं नाही."

हे मात्र खरं होतं. त्या वर्गात आता कुणी कुणाशी बोलतच नव्हतं.