मडमेचं कुलूप

गोऱ्यांच्या जुन्या कब्रस्तानात रोज संध्याकाळी भुतांच्या गोष्टी सांगायचं काम तिचे बाबा करायचे. खोटं नाही, हाच त्यांचा उद्योग. निवृत्त झाल्यावर लोक बागेत फिरतात, गुडघ्यांना तेल लावतात. हा माणूस कंदील घेऊन हौशी लोकांना कबरींमधून फिरवू लागला, आणि लेकीने कितीही डोकं फोडलं तरी सोडायला तयार नाही.

"बाबा, आता माझ्याकडे राहायला चला," असं तिने म्हटलं की त्यांचं एकच टुमणं: "मडमेला सोडून कसा येऊ गं?"

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कुठली कोण मडम, मरून किती जमाना झाला, आणि तिच्यावर एवढा जीव! मग आईचं काय? आई गेल्यापासून बाबांनी एकदाही तिचा विषय काढला नव्हता. फोटोसुद्धा कपाटात गेला. लेकीने काही बोलायला घेतलं की ते उठून पाणी प्यायला जायचे. आणि इकडे लेकीला आईचा आवाज आठवेनासा झाला होता. चेहरा आठवे, हात आठवत, आवाज काही केल्या येईना. सांगणार तरी कोणाला? आईला तिच्याइतकं ओळखणारं एकच माणूस, आणि ते पाणी प्यायला गेलेलं.

यंदा ती ठरवूनच आली होती. बाबांना घेतल्याशिवाय परत जायचं नाही. घर बंद दिसलं, तशी तणतणत थेट कब्रस्तानात पोचली.

गेटच्या आत मोजकीच माणसं जमली होती. एक नवं जोडपं, आणि एक टोपीवाले गृहस्थ, ज्यांना प्रत्येक गोष्टीला पुरावा हवा होता. बाबांनी तिला पाहिलं, जरा चपापले, पण बोलणं थांबवलं नाही. ती हाताची घडी घालून मागे उभी राहिली.

गुडघ्याएवढं गवत, कलंडलेले दगड, पंख तुटलेला देवदूत. कोणाचं लेकरू तापाने गेलेलं, कोणी जहाजातून उतरला तो सरळ इथेच आलेला. "सगळे चार दिवसांसाठी म्हणून आले होते," बाबा म्हणाले. "घरी कोणीतरी वाट बघत बसलं असेल ना हो त्यांची!"

मग ते एका शेवाळलेल्या कबरीपाशी थांबले.

"ही आमची मडम. घाबरू नका, ती कोणाला काही करत नाही. शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं की फक्त च् च् करते."

लोक हसले. टोपीवाल्यांनी हळूच आपली बटणं चाचपली.

"चष्मा डोक्यावर ठेवते आणि सगळीकडे शोधत हिंडते. गाण्याची पहिली ओळ गुणगुणते. दुसरी तिला येतच नाही, म्हणून पुन्हा पहिली."

लेकीच्या हातांची घडी सुटली. अगं बाई, ही मडम नव्हतीच! ही आई होती.

"आणि अंधार पडला की हे गेटचं कुलूप वाजतं. लोक म्हणतात, चोर. चोर कसला, मडमच ती! अर्ध्या वाटेवरून परत येऊन कुलूप ओढून बघायची तिची जुनी खोड. तिचा नवरा पुढे निघून जायचा. 'चल गं, किती वेळ!' म्हणून खेकसायचा." बाबांनी उगाच कंदिलाची वात सारखी केली. "गाढव होता. थांबला असता तर काय बिघडणार होतं?"

लेकीला आधी राग आला, सणसणीत राग. परक्यांना रोज सांगायचं आणि मला एक शब्द नाही? मग रागामागून रडू आलं. ते तिने कसंबसं आवरलं.

"ते ठीक आहे," टोपीवाले म्हणाले, "पण प्रत्यक्ष कोणी पाहिलंय का तिला?"

"मी तर रोज येतो," बाबा म्हणाले. "मला नाही दिसली अजून."

"मी पाहिलंय," लेक म्हणाली.

सगळे वळले. बाबांनी कंदील तिच्या दिशेने वर धरला.

"मी लहान होते, तिचं बोट धरून असायचे. नवरा पुढे गेलेला, त्याला कसं कळणार? कुलूप ओढून झालं की ती त्यावर हात ठेवायची आणि हळूच म्हणायची, 'सांभाळ हं घर. आलेच मी.'"

आणि हे बोलताना तिला तो ऐकू आला. तिच्याच तोंडून, जरासा घोगरा, शेवटी किंचित वर जाणारा. आईचा आवाज.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. लोकांचं त्यांना भानच उरलं नाही.

"परत म्हण," ते म्हणाले. "तसंच म्हण."

तिने म्हटलं. टोपीवाल्यांनी या वेळी पुरावा मागितला नाही.

माणसं पांगल्यावर बाबांनी गेटला कुलूप लावलं आणि दोघं निघाली. थोडं पुढे जाऊन बाबा थबकले आणि मागे फिरले. लेक रस्त्यात उभी राहिली. चला, किती वेळ, असं काही म्हणाली नाही. त्यांनी कुलूप ओढून पाहिलं, त्यावर हात ठेवला. ओठ हलले, पण काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही.

परत येऊन त्यांनी रुमालाने नाक पुसलं.

"उद्याची गाडी किती वाजता म्हणालीस?"

ती गाडीबद्दल काहीच म्हणाली नव्हती.