ओकित्सुंचं सुतक

एप्रिलच्या बैठकीत गल्लीतल्या घरांची यादी फिरत फिरत तोमोनोरी इवासेच्या हातात आली. त्याने ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. सहा नंबर, सेत्सुयोसान, न्हाव्याचं दुकान. आठ नंबर, इवासे, सुके मासे. आणि सात नंबरला ओकित्सु. तोमोनोरी बावन्न वर्षांचा होता आणि ही सगळी बावन्न वर्षं त्याने सात नंबरात काढली होती.

"अध्यक्ष, हे ओकित्सु कोण?"

"तुझे शेजारी," गल्लीचे अध्यक्ष हामागुचि म्हणाले. "शेजाऱ्यांची नावं माहीत नाहीत तुला?"

नाव माहीत होतं. अख्ख्या शिओतोमारि बंदराला माहीत होतं. अडचण एवढीच होती की ओकित्सु कुटुंब एका ॲनिमेत राहत होतं.

पाच वर्षांपूर्वी तीन चित्रकार आले, धक्का, दीपगृह, गल्ली असे फोटो काढून गेले, आणि वर्षभरात टीव्हीवर हुबेहूब शिओतोमारि दिसू लागलं. इवासेंच्या दारातली तुटकी बादलीसुद्धा होती. पण नायिकेला, म्हणजे मायो ओकित्सुला, राहायला घर हवं. म्हणून त्यांनी सेत्सुयोसानचं दुकान जरा डावीकडे ढकललं, इवासेंचं घर जरा उजवीकडे ढकललं आणि मध्ये दुमजली घर बसवलं. प्रत्यक्षात तिथे फट आहे. एक मांजर आरामात जातं. समोरून दुसरं आलं तर एकाला मागे फिरावं लागतं.

चाहते यायचे. मालिकेतलं चित्र हातात धरून कोन जुळवत मागे मागे सरकायचे आणि तोमोनोरीच्या वाळत घातलेल्या माशांवर आपटायचे. मग उठून, माफी मागून, फटीकडे बघायचे आणि त्यांचे चेहरे पडायचे. सेत्सुयोसानला ते बघवेना. तिने फटीवर 'ओकित्सु' अशी पाटी लावली. पाटी दिसल्यावर पोस्टमनने चाहत्यांनी ओकित्सुंना लिहिलेली पत्रं तिथे टाकायला सुरुवात केली. इथपर्यंत तोमोनोरीची काही तक्रार नव्हती.

पण त्या चाहत्यांत गिफूहून येणारे उएमात्सु नावाचे गृहस्थ होते. वय त्रेचाळीस, विमा कंपनीत नोकरी. ते सलग तीन वर्षं मार्चमधल्या गटारसफाईला हजर राहिले, स्वतःचे हातमोजे घेऊन, आणि हजेरीवर त्यांनी 'ओकित्सुंतर्फे' अशी सही केली. गल्लीच्या नियमावलीत लिहिलं होतं, की जे घर सलग तीन वर्षं गटारसफाईला माणूस पाठवेल ते गल्लीचं घर. हा नियम खरं तर तोक्योवाल्यांच्या उन्हाळी बंगल्यांना अद्दल घडवायला केला होता. ते घर उभं असायला हवं, असं लिहायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पण ते लोक नाहीतच!" तोमोनोरी म्हणाला.

"गटार साफ झालं का?" मागून एक खरखरीत आवाज आला.

"झालं."

"मग नाहीत कसे?"

आवाज योनेझोंचा होता. म्हणजे तोमोनोरीच्या वडिलांचा. ओकित्सुंना यादीत घ्यायचा ठराव मांडणारेही तेच निघाले.

घरी येताना तोमोनोरीने वडिलांना गाठलं. "बाबा, तुम्हाला कळतंय का काय केलंत? यंदा देवाचा मान आपला होता!"

शिओतोमारिचा समुद्रदेव एका लाकडी पेटीत असतो आणि दर वर्षी घर बदलतो. जुलैत ज्याच्या घरचा मान, तो घरधनी पेटी छातीशी धरून गुडघाभर समुद्रात उतरतो, देवाला पाण्याचं दर्शन घडवतो आणि घरी नेतो. दुसऱ्या कुणी पेटीला हात लावायचा नाही. बारा घरं, बारा वर्षांनी मान. चोवीस वर्षांपूर्वी इवासेंचा मान आला तेव्हा योनेझोंची बोट बंद पडून ते तीन दिवस उशिरा परतले. बारा वर्षांपूर्वी तोमोनोरीची आई गेली होती. सुतकात देव घरात घेत नाहीत, मान पुढच्या घराकडे गेला. आता योनेझो एकोणनव्वद वर्षांचे होते. हृदयाची झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या जुलैचे बेत आत्ता नकोत.

"मागच्या वर्षी सहा नंबर, यंदा सात," योनेझो म्हणाले. "सरळ हिशेब आहे."

"सात म्हणजे एक फट आणि तिच्यातला पाण्याचा मीटर आहे, बाबा!"

"म्हणून काय झालं? तू पण उंचीने तेवढाच आहेस."

दुसऱ्या दिवशी तोमोनोरी अध्यक्षांकडे गेला. अध्यक्षांनी चहा दिला, सहानुभूती दिली आणि नियमावली पुढे सरकवली. मान चुकण्याची कारणं दोनच. घरधनी समुद्रावर असणं किंवा घरात सुतक असणं.

"सुतक किती दिवसांचं?"

"वर्षाचं. तुझ्या आईच्या वेळी पाळलंस ना?" अध्यक्षांनी चहा फुंकला. "ओकित्सुंकडे कुणी गेलंय का? तसं असेल तर आधी भेटायला जायला हवं."

अध्यक्ष थट्टा करतायत की नाही ते तोमोनोरीला कळेना. गेल्या काही दिवसांत त्याला कुणाचंच काही कळत नव्हतं.

मग त्याने ती मालिका पाहायला घेतली. छत्तीस भाग. सकाळी बांगडे चिरायचे, मिठाच्या पाण्यातून काढायचे, जाळीवर मांडायचे आणि दुपारी शेडमध्ये फोन टेकवून कुणी मरतंय का ते बघायचं. कुणी मरेना. मायो शाळेत जायची, आजीशी भांडायची, दीपगृहाखाली बसून रडायची. पाचव्या भागात तोमोनोरीच्या दारातली बादली दिसली, तेव्हा तो उगाच सरसावून बसला. एकोणिसाव्या भागात आजीला न्यूमोनिया झाला. तोमोनोरी दोन भाग सलग बघत बसला, तिकडे बांगडे जास्त वाळले. विसाव्या भागाच्या शेवटी आजी उठून बसली आणि तिने भाताची पेज मागितली. तोमोनोरीने डोळे पुसले. आपल्याला नेमकं कशाचं बरं वाटलं, हे मिनिटभराने लक्षात आल्यावर त्याने फोन बंद केला.

जूनमध्ये उएमात्सु आले. नेहमीसारखे फटीपुढे उभे राहून वाकले, "नमस्कार, आलो," म्हणाले. तोमोनोरीने त्यांना शेडमध्ये बसवलं आणि बांगडा भाजून पुढे ठेवला.

"उएमात्सुसान, एक विचारू? ओकित्सुंकडे कुणी वारलंय का?"

उएमात्सुंच्या हातातल्या जेवायच्या काड्या हवेत थांबल्या. "का?"

"सहज."

"आजोबा," उएमात्सु म्हणाले. "तिसऱ्या भागात चार सेकंद, भिंतीवर काळ्या फितीचा फोटो आहे. खाली तारीख आहे. मोठं करून पाहिलंय मी. मालिका सुरू व्हायच्या सहा आठवडे आधी गेले."

"पण मालिका येऊन चार वर्षं झाली." तोमोनोरीने बोटांवर मोजलं. "सुतक फिटलं असेल."

"कुठलं फिटतंय! छत्तीस भागांत एकच उन्हाळा चाललाय. मायो अजून अकरावीतच आहे. आजोबांचं वर्षश्राद्ध अजून व्हायचंय." मग त्यांनी तोमोनोरीकडे नीट पाहिलं. विमा कंपनीतला माणूस. मृत्यूची चौकशी कुणी सहज करत नाही हे त्याला पाठ होतं. "जुलैच्या मानाचं आहे का हे?"

तोमोनोरीने मान खाली घातली.

"ओकित्सुंतर्फे मी उतरणार होतो पाण्यात," उएमात्सु म्हणाले. "पांढरे कपडे शिवून घेतलेत. ऑफिसात रजेचं कारण 'देव घरी येणार' असं लिहिलंय, साहेबांनी मंजूर केलंय."

"वडील एकोणनव्वद वर्षांचे आहेत," तोमोनोरी म्हणाला. 

उएमात्सुंनी बांगडा संपवला. काटा स्वच्छ बाजूला काढला. "थोडा कडक झालाय," ते म्हणाले.

त्या रविवारी बैठक बसली. उएमात्सु सगळ्यांपुढे गुडघे टेकून बसले आणि त्यांनी मोबाइलवर ती चार सेकंदं दाखवली. फोन बारा घरांतून फिरला.

"हा माणूस ओळखीचा वाटतो," सेत्सुयोसान म्हणाली.

"चित्र आहे ते."

"तरीपण. केस मीच कापले असणार."

"म्हणजे आपण तीन वर्षं सुतकातल्या माणसाला गटारात उतरवलं?" अध्यक्षांनी घाम पुसला. "उएमात्सुसान, सांगायचंत ना!"

"गटाराला सुतक नसतं," कोपऱ्यात बसलेले समुद्रदेवाचे पुजारी म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं.

"पुढच्या वेळचं काय?" एक नंबरवाल्याने विचारलं. "बारा-तेरा वर्षांनी यांचा मान परत येईल, तेव्हा?"

"तोवर मायो बारावीत गेली तर बघू," अध्यक्ष म्हणाले.

"ती नाही जाणार," उएमात्सु हळूच म्हणाले. "मालिका संपली."

अध्यक्षांनी ठराव वाचला. ओकित्सुंकडे सुतक असल्याने मान आठ नंबरला. मग ते उठले, आणि त्यांच्यामागून सगळी गल्ली उठली आणि उएमात्सुंपुढे वाकली. "फार वाईट झालं. कळायला उशीर झाला, माफ करा." उएमात्सुंनीही वाकून जमिनीला कपाळ टेकलं आणि बराच वेळ वर पाहिलं नाही. तोमोनोरीही वाकला होता. हवा तो मान त्याला मिळाला होता, आणि एका माणसाचे आजोबा आपण मारले असं वाटून त्याचे कान तापले होते. ते आजोबा आधीच मेलेले होते. आणि ते नव्हतेच. या दोन गोष्टी त्याने मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोघींना मिळून बसायला जागा होईना.

योनेझो एकटेच बसून होते. "गडबड करू नका. शेजाऱ्यांना विचारलंत का? मान घेतला तर चालेल का त्यांना?"

"चालेल," उएमात्सु जमिनीकडे बघतच म्हणाले. "आजोबांना आवडलं असतं."

"मग उतरतो मी," योनेझो म्हणाले.

जुलैत भरतीच्या वेळी, भर दुपारी, योनेझो पांढऱ्या कपड्यांत वाळूवर उभे राहिले. कपडे उएमात्सुंचे होते, बाह्या चार बोटं लांब. उएमात्सु स्वतः धक्क्यापलीकडे बर्फाच्या कारखान्याजवळ पाठ करून उभे होते, सुतकातल्या माणसाने उभं राहावं तसे. वर्षभर मान सांभाळलेल्या सेत्सुयोसानने पेटी दिली. योनेझोंनी ती दोन्ही हातांनी कवटाळली आणि पाण्यात शिरले. घोटा. पोटरी. गुडघा. तिथे ते थांबले.

 तोमोनोरी चपलांसकट पाण्यात धावला आणि दोन हातांवर थबकला. पुढे जायची मुभा नव्हती.

"बाबा! छातीत दुखतंय का?"

"नाही रे."

"मग?"

"हलकी आहे ही," योनेझो म्हणाले. त्यांनी पेटी कानाशी नेली. "पुजारीबुवा, आत काय असतं हो?"

"देव," पुजारी काठावरून ओरडले.

"पाहिलाय कुणी?"

"उघडायची नसते ती, आजोबा. तीनशे वर्षांत नाही उघडली."

योनेझोंनी पेटीकडे पाहिलं. एक लाट आली, त्यांच्या मांड्यांवर फुटली.  

"बरं," योनेझो म्हणाले. त्यांनी एका हाताने लांब बाही पेटीवर ओढून घेतली, उन्हात झोपलेल्या पोराच्या तोंडावर ओढावी तशी, आणि वळले. "सरक बाजूला. पाय घसरला तर दोघं पडू."

तोमोनोरी सरकला. दोघं म्हणजे कोण, ते त्याने विचारलं नाही.