डेलमारशी कोणी बोलेना

डेलमार प्रुइटला गप्प बसवणं आजवर कोणाला जमलं नव्हतं. बेसबॉलमध्ये पिचरचं काम चेंडू टाकायचं. पण हा चेंडूंपेक्षा गप्पाच जास्त टाकायचा. मी त्याचा कॅचर, ल्यूथर कोबी. त्याने टाकायचं आणि मी उकिडवं बसून झेलायचं, ही आमची नोकरी. दोन चेंडूंच्या मध्ये जरा उसंत मिळाली की हा तिकडूनच ओरडायचा, "ल्यूथर, कालच्या भाजलेल्या बरगड्या बाधल्या का रे तुला?" बॅट घेऊन उभा असलेला गडी खो-खो हसायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बारा गावचं पाणी प्यालेला म्हणतात ना, तसला तो. आमचं वेदरबी तेरावं. एवढ्या टीमनी त्याला घेतला, वापरला आणि काढला. मोठ्या लीगमध्येही तो एकदा जाऊन आला होता: दोन गड्यांना चेंडू टाकले, दोघांनी ते स्टँडमध्ये भिरकावले, आणि तिसरा गडी यायच्या आत हा परतीच्या बसमध्ये. टेक्ससमधल्या एका टीमने तर त्याच्या बदल्यात मैदान झाकायची ताडपत्री घेतली होती. "नवी होती हं," तो छाती काढून सांगायचा. "अजून गळत नाही."

पण आता त्याची छत्तिशी उलटली होती आणि घरून निकाल लागला होता. ओक्लाहोमात त्याची बायको नॉर्मा. तिचं म्हणणं सरळ होतं: यंदा सीझन पुरा केलास तर पुढच्या वर्षाचं बघू, पण मध्येच काढलं, तर गुपचूप घरी यायचं आणि माझ्या भावाच्या धंद्यात लागायचं. भावाचा धंदा सेप्टिक टँक उपसण्याचा. "माणूस चांगला आहे," डेलमार म्हणायचा, "पण त्याच्या शेजारी बसून जेवता येत नाही रे." पोरं हसायची, तोही हसायचा. नंतर बसमध्ये खिडकीशी बसला की मात्र उजवा खांदा चोळत राहायचा. मी शेजारीच असायचो. मला दिसायचं.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी तो मैदानावर आला तोच पडलेल्या चेहऱ्याने.

"ल्यूथर, मला काढणार," तो म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"कोणीच नाही. तेच तर! स्किप मला बघून बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या बुटाला नाडी नाहीये."

स्किप म्हणजे आमचा मॅनेजर, व्हर्जिल स्टोक्स. त्याचं काय आहे, आमच्याकडे कोणाला काढायचं ठरलं की आधी बातमी फुटते आणि मग त्या माणसाशी कोणी बोलत नाही. त्याला गोवर आल्यासारखे सगळे लांब बसतात, कपाटात डोकं घालतात. कोणी मुद्दाम करत नाही, पण काय बोलणार? डेलमार बारा वेळा त्यातून गेलेला. ती शांतता त्याला लांबून ओळखू यायची.

"उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस," मी म्हणालो. "काढायचं असतं तर आज खेळवलं असतं का?"

"दुसरा पिचर आहे कुठे? एकाचा अंगठा सुजलाय, दुसरा बहिणीच्या लग्नाला गेलाय."

तेवढं खरं होतं. मी त्याला चेंडू दिला आणि ढकलून मैदानात काढला.

सामना भिकार चालला होता. डेलमारचा नेम लागेना. वाईट चेंडू टाकटाकून याला फुकट बेस दे, त्याला फुकट बेस दे. वर आमच्या एलिसेओने एक सोपा चेंडू पायांतून जाऊ दिला. अशा रीतीने त्यांच्या दोन धावा झाल्या. आमच्या कशाबशा तीन. दर डावात त्यांचा कोणी ना कोणी बेसवर, धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, उभाच. सहावा डाव संपला, मी मास्क काढला, सहज धावांच्या फळ्याकडे पाहिलं आणि डोळे चोळून पुन्हा पाहिलं. हिट, शून्य. बॅटने मारून त्यांचा एकही गडी बेसवर पोचला नव्हता. असाच शेवट झाला तर पिचरचं नाव कायमचं लागतं. भले भले अख्खी कारकीर्द त्याची वाट बघत म्हातारे होतात.

आणि अशा वेळचा आमचा दंडक एकच: त्या पिचरशी बोलायचं नाही. अवाक्षर नाही. शेजारी बसायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही, आणि जे चाललंय त्याचं नाव तर काढायचंच नाही. नाव काढलं की गेलंच म्हणून समजा. यावर हसणारा माणूस मी अजून एकाही टीममध्ये पाहिलेला नाही.

डेलमारला हे माहीत नव्हतं असं नाही. पण आज आपण तसं काही करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. फळ्याकडे तो कधी बघायचा नाही. "तिथे माझ्याबद्दल चांगलं कधी लिहिलेलंच नसतं," म्हणायचा. त्यात दोन धावा गेलेल्या, बेस सतत भरलेले. आज आपला बाजार उठला, एवढंच त्याला दिसत होतं.

तो डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या आमच्या खोपीत, येऊन बाकावर बसला. शेजारचे तिघे उठून टोकाला गेले.

"एलिसेओ," तो म्हणाला, "सुटला तो चेंडू सुटला, मनाला लावून घेऊ नकोस."

एलिसेओ छताकडे बघत राहिला.

"काय उकडतंय नाही?"

कोणी हूं की चूं केलं नाही. डेलमारने एकेकाकडे पाहिलं. मग तो माझ्याजवळ आला. माझे पायांचे पट्टे चांगले घट्ट होते, तरी मी ते सोडून परत बांधायला घेतले.

"तू पण?" तो म्हणाला. "बरं, एवढंच सांग. मला काढलं ना?"

मी काय करणार? 'नाही रे वेड्या' एवढे तीन शब्द जिभेच्या टोकाशी आले होते. पण एकदा तोंड उघडलं आणि पुढच्याच डावात हिट गेली, तर टीमने मला त्याच बाकाखाली पुरलं असतं. मी पट्टा आवळला.

"कळलं," तो म्हणाला.

पुढच्या दोन डावांत तो त्यांना गुंडाळून परत यायचा आणि निरोप घेत फिरायचा. बसमधली उशी त्याने एलिसेओला दिली. सूर्यफुलाच्या बियांची पिशवी बाकावरच्या सगळ्यांत मिळून. तेरा गावं फिरलेली कॉफीची किटली माझ्या मांडीवर ठेवली. "झाकण जरा दाबून लावावं लागतं," एवढं सांगितलं. आम्ही सगळे मुके. एलिसेओ उशी छातीशी धरून रडकुंडीला आलेला. त्याला 'नको' म्हणायचीही चोरी होती. आणि पलीकडच्या कोपऱ्यात स्किप भिंतीकडे तोंड करून उभा. मला वाटलं, म्हाताऱ्यालाही दंडकाची धास्ती आहे.

नववा डाव, शेवटचा. तीन गडी काढले की खेळ खलास. पहिले दोघे त्याने झटपट काढले. तिसरा आला तो त्यांचा सगळ्यात दांडगा गडी, गोठ्याच्या दाराएवढा रुंद. मी बोटांनी खूण केली: वेगात, खाली. डेलमारने 'नाही' म्हणून मान हलवली. वळणारा? नाही. मग तो तिकडून ओरडला, "ल्यूथर! मेव्हण्याच्या टाकीतच उतरायचंय, तर निदान मनासारखं टाकून घेतो!"

त्याच्याकडे एक चेंडू होता, इतका संथ की वाटेत पक्ष्याने घरटं बांधावं. एकूण एक कोचने त्याला तो बंद करायला लावला होता. तोच त्याने टाकला. दांडग्याने जीव खाऊन बॅट फिरवली. चेंडू नंतर आला. स्टँडमध्ये हशा पिकला. डेलमारने पुन्हा तोच टाकला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दांडग्याने दात-ओठ खात वाट पाहिली, पाहिली, आणि चेंडू उडवला तो सरळ माझ्या डोक्यावर, आभाळात. मी मास्क फेकला. तो खाली येईपर्यंत मी माझी सगळी पापं आठवून घेतली. मग तो ग्लोव्हमध्ये बसला.

डेलमार माझ्याकडे चालत आला, हात पुढे करून. "चल, ल्यूथर. भेटू कधीतरी."

तेवढ्यात अख्खी टीम त्याच्या अंगावर पडली.

"एकही हिट नाही, गाढवा!" मी त्याच्या कानात ओरडलो. "फळा बघ! आयुष्यात एकदा तरी फळा बघ!"

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिथेच मातीत बसला आणि ओक्साबोक्शी रडला. खोटं कशाला बोलू, मीही रडलो.

आत गेल्यावर तर बांधच फुटला. तीन डाव दाबून ठेवलेलं सगळं जो तो एकदम बोलत होता.

"म्हणजे मला काढलं नाहीये?" डेलमार विचारत होता.

"तुला कोण काढतंय, म्हाताऱ्या!" मी म्हणालो. "आम्ही तुझ्यासाठी जीभ चावून बसलो होतो आणि तू किटल्या वाटत सुटलास!"

इतक्यात स्किपच्या खोलीचं दार उघडलं. "डेलमार, जरा आत ये."

डेलमारने माझं मनगट धरलं आणि मलाही आत नेलं. स्किप टेबलामागे उभा राहिला. टोपी काढून परत घातली. फोनकडे बघत राहिला.

"बोला, स्किप," डेलमार म्हणाला. "आज सगळे बोलले. तुम्हीच राहिलात."

"सकाळीच वरून फोन आला होता," स्किप म्हणाला. "एकोणीस वर्षांचं पोर पाठवतायत. उद्याच्या बसने येतंय. तुझी जागा त्याला. आत्ता परत फोन केला मी. भांडलो. ते म्हणाले, त्याला आमचं अभिनंदन कळव. आणि सात जणांना फुकट बेस का दिले, तेही विचार." त्याने टोपी पुन्हा काढली. "मी तुझ्याशी बोलणार कसा होतो रे?"

डेलमारने टेबलाला वळसा घालून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या. तुमच्या हातात काय आहे?" मग माझ्याकडे वळला. "बाकीचे सगळे एका कारणाने गप्प होते, ल्यूथर. हे एकटे दुसऱ्या. तेवढं एक गप्प बसणं मी सकाळीच ओळखलं होतं. म्हटलं होतं ना मी?"

बाहेर पोरं त्याच्या नावाने बाकं बडवत होती. दाराच्या कडीवर हात ठेवून तो थांबला. "त्यांना आज सांगू नका," म्हणाला. त्याने बाहीने तोंड पुसलं, दार उघडलं आणि बाहेर पाऊल टाकता टाकताच बोलायला सुरुवात केली. मी तिथेच उभा राहिलो. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं; आता दंडकही नव्हता, तरी तोंडातून शब्द फुटेना.