टायरखालचं पान

तिच्या तळहातावर ती गोल टोपी होती, हॉर्नची, स्टिअरिंगच्या मधोमध बसणारी, आणि तिच्या कडेचा मुलामा एकाच बाजूला झिजून खालचं पितळ उघडं पडलं होतं... नेमकं तिथं, जिथं नवऱ्याचा अंगठा टेकायचा. बाकी सगळी टोपी लख्ख. ती आपला अंगठा त्या झिजलेल्या जागेवर ठेवून बघत होती. बसत नव्हता. त्याच्या अंगठ्याने तिथं स्वतःच्या मापाचं घर करून ठेवलं होतं, आणि पाहुण्या बोटाला ते घर आत घेत नव्हतं.

"हरवू नकोस हां ती," गाडीखालून त्याचा आवाज आला. "आता कुठं मिळत नाही तसली."

"मी काय गिळणार आहे?"

गाडीखालून त्याचे फक्त पाय बाहेर होते आणि डाव्या मोज्याला भोक होतं. आज एवढं एक भोक तरी आपल्याला शिवता येईल, असं तिच्या मनात आलं. शेडच्या दारात उलटी घातलेली बादली, बादलीवर ती. बाकावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवलेला नवा बॉक्स... नवा म्हणजे लांबच्या गावच्या कुणा माणसाने जुनाच खोलून, आत नवे दाते घालून, रंगवून पाठवलेला. काळाभोर, तेल लावून न्हाऊ घातलेल्या बाळासारखा तुकतुकीत. वर स्टिअरिंग फिरलं की ते फिरणं खाली चाकांपर्यंत पोचवायचं, एवढंच त्या लोखंडी डब्याचं काम. फिरवणाऱ्याचं मन चाकांना कळवायचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून तिनेही जन्मभर दुसरं काय केलं होतं? इकडचं तिकडे. मधे आपलं काही घालायचं नाही.

आणि तरी घातलं. मागच्या महिन्यात, नदीच्या रस्त्यावर...

रस्ता सरळ होता. वळण अजून यायचं होतं. आणि गाडी हळूहळू, झोपेत कूस बदलावी तशी, मधली पांढरी रेघ ओलांडून पलीकडे सरकत गेली – समोरून ट्रक, ट्रकचा तो लांबलचक हॉर्न, मग झटका, मग धूळ, आणि कडेला कशीबशी थांबलेल्या गाडीत दोघं. इंजिन बंद केल्यावर सांडते ती शांतता. तो आपल्या हातांकडे बघत होता. मांडीवरच्या दोन हातांकडे, जणू कुणी परक्याने ते तिथं विसरून ठेवले होते. उजवा थरथरत होता. जन्मभर नकाशे काढलेला हात. पट्टी न लावता नदी काढायचा, किनारा काढायचा, आणि रेघ अशी यायची की वाटावं ती कागदात आधीपासूनच होती, ह्याने फक्त दाखवली. तो काहीतरी बोलणार होता. तिला श्वास ऐकू आला होता. एक्स्चेंजमधल्या बायकांना कळायचं ते – माणूस तोंड उघडण्याआधी जो श्वास घेतो त्यावरून कळायचं, आता खरं येतंय की बनवलेलं. हा श्वास खऱ्याचा होता. आणि ती... तिला तो ऐकवेना. तीच घाईघाईने म्हणाली, "अहो, स्टिअरिंग ढिलं झालंय का हो? बॉक्सच गेला असेल."

तो श्वास आल्या पावली आत परतला.

"हो," तो म्हणाला. चेहऱ्यावर रंग हळूहळू परत येत होता. "प्ले आलाय त्याला. मला केव्हाचं जाणवतंय."

झालं. त्या दिवसापासून घरात बॉक्स एके बॉक्स. जेवताना बॉक्स, फोनवर बॉक्स, ओळखीच्या ओळखीने शोधलेला बॉक्स. तो असा उत्साहात आला की तिला कधी कधी विसरच पडायचा आपण काय केलंय त्याचा. आणि रोज सकाळी ती त्याचा चहाचा कप पाऊणच भरत होती. का, असं त्याने कधी विचारलं नाही. आणखी घाल, असंही म्हणाला नाही.

ती उठली. टोपी पदराच्या टोकात बांधली, सोडली, पुन्हा हातात घेतली. स्वयंपाकघरात गेली, कशाला आले ते आठवेना म्हणून नळ सोडून बंद केला, परत आली. पाय तिथंच, मोज्याचं भोक तिथंच.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? एका जागी बस की."

"बसलेच आहे."

बसवत नव्हतं. सकाळपासून कानात ते पान होतं.

सकाळी, अजून चारी चाकं जमिनीवर होती तेव्हा, तो म्हणाला होता, काढायच्या आधी एकदा बघून घेऊ. तू आत बस. स्टिअरिंग चिमूटभर हलव, इकडे, तिकडे. मी खाली झोपून बघतो. वरचं हललं आणि खालचा दांडा हलला नाही, की समजायचं प्ले. ती बसली. दार उघडंच होतं. चिमूटभर हलवलं – आणि पुढच्या टायरखाली सापडलेलं एक वाळलं पान चुरलं. चर्र. तिने उलटं हलवलं. चर्र. हाताची हालचाल आणि पानाचा आवाज यांच्यामध्ये दोरा ओवायलाही जागा नव्हती. पुन्हा एकदा, अगदी हळू, चोरून हलवावं तसं. पान बिचारं तिसऱ्यांदाही खरं तेच बोललं.

"हलवतेयस ना?" खालून.

"हलवतेय."

मग श्वास. तिला ओळखीचा तो दुसरा श्वास, वरवरचा, छातीपर्यंत न जाणारा.

"बघ," तो म्हणाला, "काही हलत नाही इथं. म्हटलं नव्हतं? पार गेलाय बॉक्स."

"हो का," ती म्हणाली होती.

म्हणजे त्याने पाहिलं. नाकासमोर तो दांडा हलताना पाहिला आणि पाहूनही...

दुपारी शेजारचे दातांचे डॉक्टर आले, बॉक्स उचलायला चार हात लागतात म्हणून बोलावलेले. आल्या आल्या त्यांनी उघड्या बॉनेटसमोर उभं राहून घसा खाकरला. "हं, आ करा. अजून मोठा. शाब्बास."

"डॉक्टर, ते उघडंच आहे," खालून नवरा.

"तुम्ही मधे बोलू नका हो, पेशंट घाबरतो." डॉक्टरांनी बाह्या वर केल्या. खालचा दांडा दातेरी टोकावर पक्का बसला होता. तो ओढून काढायच्या साधनाचा स्क्रू आवळताना डॉक्टर मान हलवत राहिले. "मूळ खोल गेलंय. भूल दिलीत का? नाहीतर उठून थोबाडीत मारेल."

दांडा ठाणकन सुटला. नवरा हसत बाहेर आला, कपाळापर्यंत ग्रीस.

"अरे वा, भरदुपारी तोंड काळं करून बसलात! वहिनी, हातासरशी ह्यांचाही एखादा पार्ट बदलून घ्या. पुन्हा म्हणून दुकान उघडं सापडायचं नाही."

ती हसली. जरा जास्तच मोठ्याने. नवऱ्याने वळून पाहिलं.

जुना बॉक्स त्याच्या लांब दांड्यासकट वर ओढून काढला, बाकावरच्या शिकंज्यात आवळला. नवरा चिंध्यांना हात पुसत होता. डॉक्टरांनी सहज, चाळा म्हणून, दांडा दोन बोटांत धरला आणि अलगद हलवला. मग दुसऱ्या हाताचं बोट बॉक्सच्या खालच्या टोकाला लावलं. पुन्हा हलवला. त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा तशीच राहिली, पण डोळे कामाला लागले.

"हा कुठं हलतोय?" ते म्हणाले. "हलणारा दात मला झोपेत कळतो, आणि हा..."

"लोड आल्यावर कळतं ते."

आवाज इतका सरळ होता की डॉक्टर थांबले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चिंध्यांच्या गुंडाळीत त्याचा उजवा हात होता, आणि चिंधीचं एक लोंबतं टोक, वारा नसताना, फडफडत होतं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती टोपीकडे बघत राहिली.

"हो हो," डॉक्टर म्हणाले. "लोड. बरोबर आहे. नुसतं हातात घेऊन काय कळतंय."

त्यानंतर त्यांनी एकही विनोद केला नाही. नवा बॉक्स जागेवर धरला, खालून बोल्ट बसले. नवऱ्याच्या हातातून नट निसटला, घरंगळत गेला, सापडला, पुन्हा निसटला. डॉक्टर वाकले आणि त्यांनीच तो फिरवून बसवला, नवऱ्याने बसवू दिला. शेडमध्ये आता तिघं माणसं होती आणि तिघांना माहीत होतं. तिला वाटलं ओरडावं. काय ओरडणार? की माझ्याच तोंडचा एक शब्द तुम्ही लोखंडात ओतून आणलात, रंगवलात, आणि आता चार बोल्टांनी गाडीत ठोकताय...

तेवढ्यात घरातला फोन वाजला. मुलगी.

"आई, झाला का बाबांचा बॉक्स?"

"बसतोय."

"मग उद्या नक्की ना? अगं, चिमणी उड्या मारतेय. आजोबांच्या शेजारी पुढंच बसणार म्हणते, पिशवी भरून तयार. नदीच्या रस्त्यानेच नेणार ना तिला? तिला होड्या बघायच्यात."

चिमणी, म्हणजे नात. पुढच्या सीटवर पाय जमिनीला न टेकणारी, वळण आलं की 'वळाऽऽण' म्हणून ओरडणारी. नदीच्या त्या रस्त्याला पाण्याच्या बाजूने कठडा नाही.

"अगं..." ती म्हणाली.

"काय?"

तारेच्या त्या टोकाला मुलगी वाट बघत होती. इकडचं तिकडे पोचवायचं, बस. एक वाक्य. सकाळपासून त्या वाक्याची तिने किती वेळा घडी घातली, उलगडली – त्यांचा हात ठीक नाही, बॉक्स ठीक होता. वाक्य सोपं होतं. पण मग संध्याकाळी त्याला चहा देताना कप किती भरायचा?

"काही नाही. संध्याकाळी फोन करते."

ती परतली तेव्हा तो डॉक्टरांना समजावून सांगत होता, आणि त्याचा आवाज नकाशा समजावून सांगायच्या जुन्या दिवसांसारखा झाला होता. बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा, फेरे मोजायचे, निम्मे परत यायचं. ते त्याचं मधलं ठिकाण. तिथं दाते सगळ्यात घट्ट बसतात. गाडी सरळ चालते तेव्हा तो तिथंच असतो.

"म्हणजे झिजतो पण तिथंच," डॉक्टर म्हणाले.

"तिथंच. वळणांवर कुणी झिजत नाही. सरळ जाण्यातच झिजतो."

तो हे बोलला आणि क्षणभर कुठंतरी बघत राहिला. ती दारात उभी होती. तिला वाटलं, आता बोलेल. डॉक्टरांसमोरच बोलेल. पण त्याने पाना उचलला.

उन्हं कलली. डॉक्टर हात धुऊन घरी गेले, जाताना फाटकाशी रेंगाळले, "वहिनी, काही लागलं तर... भिंतीवरून हाक मारा नुसती," एवढंच म्हणाले. गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवरून खाली उतरली. स्टिअरिंग बसलं. टोपी त्याने तिलाच बसवायला सांगितली. ती आत जाऊन बसली, टोपी मधोमध ठेवून दाबली, टक् असा आवाज झाला, आणि झिजलेली बाजू फिरवून तिने पहिल्याच जागी आणली.

"आता हलव," तो पुन्हा खाली झोपला होता.

तिने वाकून टायरपाशी पाहिलं. पानाचा नुसता भुगा उरला होता. तिने चिमूटभर हलवलं. हाताला लागलं ते सकाळचंच. तीच जडशीळ, प्रामाणिक ओढ. टायरखालचा प्रत्येक खडा तिच्या बोटांत येऊन सांगत होता, मी आहे, मी आहे.

"बघ!" खालून. "लगेच हलला!" आवाजात इतका आनंद होता की तिने डोळे मिटून घेतले.

तो उठला, कपडे झटकत दारापाशी आला. "सरक. एक चक्कर मारून येऊ. उद्याच्या आधी हात बसवून घेतो."

सरक. जुन्या गाडीची ती लांबलचक अखंड सीट. त्याने सरक म्हणायचं आणि तिने सरकायचं, जागेचं कापडसुद्धा तिच्या सरकण्याने गुळगुळीत झालं होतं. लग्नाआधी वडिलांची माल वाहायची गाडी चालवायची ती, ओझ्याने कण्हणारी, चढावर मागं ओढणारी... आणि ह्या गाडीत कधीच नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी म्हटलंच नव्हतं काही.

ती सरकली नाही. ठरवून नाही, नुसती सरकली नाही. हात स्टिअरिंगवर होते आणि सकाळपासून अंगभर भिरभिरणारं ते जे काही होतं, ते खाली उतरत उतरत बोटांत येऊन बसलं होतं. गेलं नव्हतं. बसलं होतं.

घरात फोन वाजू लागला.

"फोन वाजतोय," तो म्हणाला.

"वाजू दे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. वाजणारी घंटा जन्मात कधी तिने तशी सोडली नव्हती. ताटावरून उठायची, न्हाताना धावायची. घंटा वाजत राहिली, थांबली. मग जी शांतता आली तिच्यात एक बारीक किणकिण उरली. तिला आधी कळेना कसली. मग दिसलं – त्याचा हात उघड्या दाराच्या कडेवर टेकलेला होता, अगदी विसावलेला, आणि त्या हातातलं चाव्यांचं जुडगं आपल्या आपण वाजत होतं.

तोही ऐकत होता. त्याने मूठ मिटली नाही. तिने नजर वळवली नाही. किणकिण दोघांच्या मधे तशीच चालू राहिली, उघड्यावर, आणि तिला नवल वाटलं की त्या किणकिणीची भीती वाटत नाहीये... भीती वाटली होती ती ह्या आवाजावर घातलेल्या पांघरुणाची.

कुणीतरी श्वास घेतला. पोटापासून, पूर्ण, बोलण्याआधी घेतात तो, खऱ्याचा. तिने कान दिला. त्याचा होता की तिचा स्वतःचा, हे तिच्या त्या इतक्या वर्षांच्या मुरलेल्या कानांनाही ओळखता येईना.