परवायिल्ले

बालाजीरावांचं नाव काढलं की सुष्मिताचं डोकं फिरायचं. सांगलीहून चेन्नईला नोकरीला आली तेव्हा टीममध्ये तंजावरी मराठी घरातले एक काका आहेत म्हणून केवढी हरखली होती! पण तिच्या हातून काही बिघडलं, तिने माफी मागितली, की हे गृहस्थ मान हलवून म्हणायचे, "परवायिल्ले." इल्ले म्हणजे नाही, एवढं तमिळ तिला कळत होतं. म्हणजे पर्वा नाही! अहो, माणसाने इतकं तुसडं असावं?

आज टी. नगरच्या एका साडीवाल्याचा आडी या तमिळ महिन्यातला सेल ऑनलाइन उघडला होता. गिऱ्हाइकांची गर्दी चार सर्व्हरांवर वाटून देणारा लोड बॅलन्सर सुष्मिताने लावलेला. आजचा दिवस निभावला तर नोकरी पक्की, नाहीतर चंबूगबाळं आवरून सांगली. आणि नेमकं इथेच घोडं अडलं! पडद्यावर चारही सर्व्हर हिरवेगार, तरी कितीतरी गिऱ्हाइकांनी साडी निवडली की पान नुसतं फिरत बसायचं.

बालाजीराव खुर्ची ओढून शेजारी बसले. "सर्व्हरांना तू काय विचारतेस गे?"

"जिवंत आहात का, एवढंच. चौघेही हो म्हणतात."

"त्यातला एक परवायिल्ले म्हणत असेल."

"म्हणजे? त्याला पर्वा नाही?"

"छे छे! तमिळमध्ये परवायिल्ले म्हणजे असू दे, चालतंय. जीव मेटाकुटीला आला तरी माणूस तसंच म्हणतो. त्याला काम सांगून बघ."

तिने प्रत्येकाला एका साडीची किंमत शोधून आणायला लावली. तिघांनी झटक्यात आणली, चौथा गप्पच. तिने त्याला बाजूला काढलं, गर्दी उरलेल्या तिघांत वाटली, आणि ऑर्डरी धो धो सुरू झाल्या. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिला एकेक आठवू लागलं. ते परवायिल्ले म्हणाले की तिची चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेली असायची. तिच्या चुका आजवर गुपचूप कोण निस्तरत होतं? तिला भरून आलं. "काका, केवढे उपकार तुमचे! मला कळलंच नाही हो."

"परवायिल्ले," ते हसले.

त्यांचे डोळे मात्र थकून लाल झाले होते. तिने त्यांच्या पडद्यावर नजर टाकली. गिऱ्हाइकांच्या तक्रारींची ही भली मोठी रांग! तिच्या वाट्याच्याही तक्रारी त्यांनी सकाळपासून स्वतःकडे वळवून घेतल्या होत्या.

तिने त्यातल्या निम्म्या आपल्याकडे ओढल्या.

"अगे, असू दे..."

"नाही काका," ती म्हणाली, "मला पर्वा आहे."