मागच्या जिन्याचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, आणि त्यातही मागचा. पुढच्या दरवाज्याला पाटी मिळते, पायपुसणं मिळतं, येणाऱ्याचं ‘या, बसा’ कानावर पडतं. मागच्याच्या वाट्याला येते ती धूळ. पण रडगाणं गायला मी तोंड उघडलेलं नाही. मला सांगायचं आहे ते आमच्या आक्कांबद्दल आणि त्यांच्या सासूबाईंबद्दल. अशी माणसं पाहायला मिळाली, म्हणून माझ्या लाकडाचं सोनं झालं.

आमचा पडदे आणि उशा शिवायचा कारखाना आहे. खाली दुकान, वर शिवणखोली. पुढून एक लाकडी जिना वर येतो. मागच्या भिंतीत मी, आणि माझ्या पलीकडे गल्लीत उतरणारा लोखंडी जिना. मला बसवलं आक्कांच्या सासऱ्यांनी. सुतारानं रंधा मारून मारून मला इतकं गुळगुळीत केलं होतं, की सासरे आल्यागेल्याला माझ्यावर हात फिरवायला लावायचे. त्या काळी सगळा माल माझ्यातूनच वर यायचा. खांद्यावर कापडाचे तागे घेतलेले हमाल दिवसभर मला ढकलायचे आणि मला कसं अगदी भरून यायचं.

पुढे समोरच्या बाजूला माल वर ओढायची मोटर बसली आणि माझ्याकडे कुणी फिरकेना. आधी माझी कडी गंजली. मग मला कुलूप लागलं, मग किल्ली हरवली, आणि ती हरवल्याचंही कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासमोर तागे रचले गेले, ताग्यांवर उशांच्या कापसाची पोती. सासरे गेले. मुलाला नोकरीची गोडी होती, म्हणून कारखाना सुनेनं, म्हणजे आक्कांनी, अंगावर घेतला. काय बाई आहे म्हणून सांगू! कापडाला नुसतं बोट लावून ते धुतल्यावर किती आटेल ते सांगणार, आणि शिवणाऱ्या बायकांपैकी कुणाच्या घरी दुखणं आहे तेही चेहऱ्यावरून ओळखणार.

एके दिवशी अग्निशमन दलाचे साहेब तपासणीला आले. आत येताच त्यांनी विचारलं, की खाली आग लागली आणि पुढच्या जिन्यात धूर भरला तर तुम्ही उतरणार कुठून? बायका पुढच्या जिन्याकडेच बघू लागल्या. वर्षानुवर्षं माझ्याकडे पाठ करून शिवत बसलेल्या एकीनं तर सरळ सांगून टाकलं, की दुसरी वाट नाहीच. मला किती लागलं असेल! शेवटी कोपऱ्यातून सासूबाईंनी ताग्यांकडे बोट दाखवलं. त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणतात. गुडघे गेलेत, पण अजून रोज वर येऊन पडद्यांना कड्या लावतात. साहेबांनी तागे ओढले, मला गदागदा हलवलं. मी जागचा हललो नाही. मान खाली घालायला मला मान नाही, म्हणून वाचलो.

चार दिवसांत नोटीस आली. दरवाजा आतून किल्लीशिवाय उघडला पाहिजे, आणि तोही बाहेरच्या बाजूला. त्याच्यापर्यंत दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी वाट हवी. धोक्याची घंटा हवी. महिन्याभरात हे झालं नाही, तर शिवणखोलीला टाळं. टाळं लागलं की दहा-बारा घरांची मिळकत बंद. आक्कांचे धाकटे दीर धावत आले. म्हणाले, वहिनी, घाबरता काय, अपील ठोका, वर्षभर भिजत पडेल.

आक्कांनी विचारलं, “अपील जिंकलं तर हा दरवाजा उघडेल का, भाऊजी?”

भाऊजींनी चहा संपवला आणि पहिल्या ताग्याला तेच हात लावायला उठले. मला त्यांचंही कौतुक वाटलं.

मग माझे दिवस पालटले. कुलूप तोडलं. बिजागऱ्या बदलून मला बाहेरच्या बाजूला उघडायला शिकवलं. म्हातारपणी नवं वळण लावून घेणं सोपं नसतं, मी कुरकुरलो. नुसतं दाबलं की सुटेल असा आडवा दांडा छातीवर बसला. जिन्याचा गंज खरवडून निघाला, घंटा लागली. अडलं की आक्का सरळ साहेबांना फोन करून विचारायच्या, आणि साहेबही न कंटाळता समजावून सांगायचे.

आता गंमत ऐका. मी असा नटलेला पाहून शिवणाऱ्या बायकांना माझं कोण प्रेम आलं! पडदेवाल्याच त्या, त्यांना दुसरं काय सुचणार? त्यांनी मला पडदा शिवला. निळा, कापूस भरलेला, खाली झालर. आयुष्यात पहिल्यांदा मला नवं कापड मिळालं, मी फुगून गेलो. आणि मधल्या पाहणीला आलेले साहेब माझ्या पुढ्यात उभे राहून विचारतात, “दरवाजा कुठाय?” बायका हसून हसून बेजार, साहेबही हसले. मग म्हणाले, धुरात हा पडदा वाट लपवेल आणि आगीत सगळ्यात आधी हाच पेटेल. पडदा उतरला. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण जाताना साहेबांनी दुसरंही सांगितलं. कापणीचं टेबल वाटेत येतंय. मित्रांनो, ते टेबल सासऱ्यांनी खोलीतच बांधून घेतलेलं, कुठल्याही दरवाज्यातून न निघणारं. लग्न होऊन आल्यावर थोरल्या बाईंनी पहिलं कापड त्याच टेबलावर कापलं होतं. त्याच्या टोकाशीच त्या बसतात. आक्कांनी टेबल तिरकं करून पाहिलं, भिंतीला टेकवून पाहिलं. काही केल्या वाट पुरेना. शेवटी त्यांनी सासूबाईंना सांगितलं, की टेबलाचं टोक कापावं लागेल. थोरल्या बाईंनी पुढचा पडदा ओढून घेतला. कड्या लावत राहिल्या. आक्कांनीही पुन्हा विषय काढला नाही. मुदत मात्र संपत आली होती.

तेव्हा आक्कांनी बाहेर पडायचा सराव ठेवला. घंटा वाजली, मशीनं थांबली, सगळ्या उठल्या. माझ्या सगळ्यात जवळ थोरल्या बाई, म्हणून त्याच पुढे. टेबल आणि भिंत यांच्यामधल्या फटीत त्या अडकल्या. गुडघा वळेना. “तुम्ही जा गं, माझं काय,” असं म्हणत त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे सगळी रांग उभी होती. कुणालाही पुढे जाता येत नव्हतं. जिच्या नवऱ्याचं दिवाळं निघून घरी ओढाताण चाललेली ती होती, जिला सातवा महिना लागलेला ती होती, आणि सगळ्यात शेवटी त्यांची सून. कुणी ढकललं नाही.

थोरल्या बाईंनी एकेक चेहरा पाहिला. मग त्यांनी टेबलावरचा शिंप्याचा खडू उचलला, पट्टी ठेवली आणि टेबलाच्या लाकडावर आडवी रेघ मारली.

“इथून कापा,” त्या म्हणाल्या. “सरळ कापा. ह्यांना वाकडं चालायचं नाही.”

आक्कांनी पदर तोंडाला लावला. मी लाकडाचा, पण मलाही आतून हललं.

शेवटच्या तपासणीला साहेब आले तेव्हा घंटा वाजताच थोरल्या बाईंनी माझ्या दांड्यावर तळवा टेकवला. मी सगळा जोर लावून उघडलो. मोकळी हवा आत आली. आक्का त्यांच्या शेजारी होत्या, हाताला धरून. दोघी एकदम माझ्यातून बाहेर पडल्या. पूर्वी मी मालासाठी उघडायचो, माणसांसाठी म्हणून पहिल्यांदाच उघडलो.

मित्रांनो, आमच्याकडे आग लागलेली नाही, आणि लागूच नये. पण तुमच्या शाळेत, तुमच्या आईवडिलांच्या कामाच्या जागी माझा एखादा भाऊ ढिगाऱ्यामागे उभा असेल. त्याला पडदा नको, कौतुकही नको. त्याला एकदा ढकलून बघा. तो उघडला नाही तर मोठ्यांना सांगा, आणि तो उघडेपर्यंत सांगत राहा. कारण आम्हांला हाक मारता येत नाही.