तेलात भिजलेली मूठ

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे आणि स्वभावाने भित्री आहे. धरणाचा भोंगा वाजला की अजूनही माझ्या पेरापेरांत कंप सुटतो. तुम्ही हसाल, पण ही भीती कुठून आली ते ऐका.

माझा जन्म सातपुड्याच्या पायथ्याचा. सुकलालने मला बांबूच्या बेटातून निवडून तोडले, सावलीत सुकवले आणि वाकडेपणा काढायला विस्तवावर धरले. आता मी जळणार, असे वाटून माझा जीव अर्धा झाला. पण सुकलालचा हात सावध होता. त्याने मला शेकले आणि गुडघ्यावर दाबून सरळ केले.

खरा वेळ त्याने घेतला तो माझ्या मुठीसाठी. नुसता बांबू गुळगुळीत असतो. ओल्या हातात तो फिरतो, आणि माशाचा चिकटा लागला की विचारूच नका. म्हणून त्याने सुती दोरी वेढ्याला वेढा लावून आवळून गुंडाळली आणि तिच्यावर मोहोळाचे मेण चोळले. मेणामुळे दोरी पाणी पीत नसे. वेढ्यांच्या खाचांत बोटे आपोआप रुतून बसत. मग त्याने मला आपल्या बायकोच्या, दिवालीबाईच्या हाती दिले. तिची बोटे बारीक. मूठही त्याच मापाची होती.

किती वर्षे आम्ही दोघी धरणाखालच्या नदीवर गेलो! घरात कालवण शिजले की सुकलाल म्हणे, "आज काठीनी कमाई शे." तेव्हा कोपऱ्यात उभी असलेली मी मनातल्या मनात फुलून जाई.

मग घरात सून आली, सुनिता. जिभेने तिखट आणि हाताने कामसू. तिची पहिली खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा होते. सुनिताने कुऱ्हाड, विळे, कुदळ सगळे धुतले, पुसले, तेल लावले. तिच्या माहेरी कुऱ्हाडीच्या दांड्यालाही तेल पाजतात. कोरड्या लाकडाला ते चांगलेच. त्याच मायेने तिने माझ्या मुठीवर वाटीभर तेल जिरवले. मेण मऊ झाले, दोरी तेल प्याली आणि खाचा बुळबुळीत झाल्या. वर तिने मला हळदकुंकू लावले. मी इतकी सुंदर कधीच दिसले नव्हते, आणि इतकी घाबरलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी नदीवर दिवालीबाईच्या हातात मी तीनदा फिरले. तिच्या सारे ध्यानात आले. पण सून नवी, तिचा हिरमोड नको, म्हणून ती घरी काही बोलली नाही. तिने नायलॉनच्या दोरीचे एक टोक माझ्या बुडाला बांधले आणि दुसऱ्या टोकाचा फास आपल्या मनगटात घातला. म्हणजे काठी निसटली तरी जाणार नाही.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते. काठी जाणार नाही हे खरे, पण काठी ओढली गेली तर माणूसही जाईल ना!

त्यानंतर एकदा सुनिता सासूबरोबर विळा घेऊन चारा कापायला आली होती. दिवालीबाई पाण्याला लागून असलेल्या खडकावर बसली होती. एवढ्यात वर भोंगा वाजला. दरवाजे उघडणार होते. ती उठली, गळ ओढायला लागली, आणि नेमका तेव्हाच तो गिळला गेला. मिशांचा मोठा शिवडा मासा होता. त्याने जो हिसका दिला, त्याने मी वाकले आणि तिच्या मुठीतून साबणासारखी सटकले. दोरी ताणली. मनगटातला फास आवळला. ती गुडघ्यांवर आपटली आणि शेवाळावरून खाली घसरू लागली. तिकडे पाण्याचा आवाज वाढत होता.

मला पकडणारा हात मीच पाण्याकडे ओढत होते. याहून मोठी भीती मी पाहिलेली नाही.

"माय, सोडा! काठी सोडा!" सुनिता धावत ओरडली.

"कशी सोडू? हाताले बांधेल शे!"

सुनिता खडकावर पालथी पडली. एका हाताने तिने सासूचा पदर धरला आणि दुसऱ्या हाताने दोरीवर विळा ओढला. दोरी तुटली. त्या दोघी मागे कोसळल्या, आणि मी पाण्यात गेले.

पुढचे मला नीट आठवत नाही. गढूळ पाणी, दगड आणि काळोख. शेंडा मोडला तेव्हा शिवडा सुटून गेला. मी लव्हाळ्यात अडकून पडले. आता इथेच कुजायचे, असे धरून चालले होते. पाणी ओसरल्यावर सुनितानेच मला शोधून काढले. हातात घेताच ती थबकली. मूठ तिच्याही हातात फिरली होती.

घरी आल्यावर तिने सरळ विचारले, "माय, हे तेलामुळे झालं ना? मग सांगितलं का नाही?"

"तुले वाईट वाटी, म्हनीसन बोलनू नही."

"आणि तुम्ही वाहून गेल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं?"

सुकलाल खाटेवरून हसला. "घ्या! सासू लाजनी आन् काठी बुडनी."

पण त्याच्या डोळ्यांत पाणी होते. त्याने माझा मोडका शेंडा तासला आणि तेलकट दोरी उकलून टाकली. मुलगा रुपसिंग जळगावला, पिंप्राळ्यात राहतो. त्याने नव्या मुठीसाठी वेगवेगळ्या वस्तूंचे तुकडे आणले. सुकलालने ते बादलीत बुडवले, माशाचा चिकटा चोळला आणि दोघींना डोळे मिटून धरायला लावले. काळा फोम हाताला मऊ होता, पण इतका जाड की दिवालीबाईची बोटे जुळेनात. सायकलच्या ट्यूबचे रबर घट्ट बसले, मात्र आपल्या खानदेशी उन्हात ठेवताच चटका देऊ लागले. बुचाची मूठ दोघींना आवडली. ओल्या हातातही ती हलत नव्हती. पण गळ मुठीत टोचून ठेवायची दिवालीबाईची सवय जुनी, आणि बूच टोचल्या जागी भुरभुरू लागले.

शेवटी मेण चोळलेली सुती दोरीच पुन्हा आली. या वेळी वेढे सुनिताने घातले, सासूच्या बोटांच्या मापाने. मनगटाची दोरी मात्र चुलीत गेली.

यंदाची खंडेनवमी आली. तेलाची वाटी माझ्याकडे येताना दिसली आणि मी थिजले. सुनिता थांबली. तिने वाटी खाली ठेवली आणि बोटे पदराला पुसपुसून कोरडी केली. कुंकवाचे बोट तिने मुठीपासून दूर, वर बांबूवर टेकवले. मग तिने दिवालीबाईचा हात ओला करून माझ्या मुठीवर ठेवला.

"माय, खरं सांगा. फिरते का?"

दिवालीबाईने मूठ आवळली, पिळून पाहिली. "नही फिरत. फिरनी तर सांगसू."

मित्रांनो, मला सजवले नाही तरी चालेल. पण मला कुणाच्या हाती देण्याआधी त्याचा हात ओला करून माझी मूठ धरून पाहा. आणि ती फिरली, तर लगेच सांगा.